परतबाईंचा खुलासा

दारावर टकटक झाली तेव्हा माझ्या एका हातात दुधाचं पातेलं होतं आणि दुसऱ्या हातात मामंजींचा चष्मा. तो ते अर्ध्या तासापासून घरभर शोधत होते आणि मला तो फ्रीजमध्ये लोण्याच्या डब्यावर सापडला होता. आमची घंटा आठवडाभर बंद आहे. दुरुस्त करणारा येतो, वायरीकडे बघून मान हलवतो आणि जातो. त्यामुळे हल्ली येणारा प्रत्येक जण दार वाजवतो, आणि वाजवण्यावरून मला माणूस ओळखता यायला लागला आहे. ही टकटक नवी होती. दोनदा हळू, मग बराच वेळ काही नाही, मग आणखी एकदा, आधीच्या दोन्हींबद्दल माफी मागितल्यासारखी.

"पेपरवाला असेल तर सोडू नकोस त्याला," मामंजी आतून ओरडले. "काल शब्दकोड्याचं पानच नव्हतं!"

दारात पंचविशीतली एक मुलगी उभी होती. पांढऱ्या गणवेशावर घरचा स्वेटर चढवलेला, डोळे रात्रभर न झोपल्यासारखे, आणि छातीवरचा नावाचा बिल्ला उलटा फिरवलेला.

"परतबाई इथेच..." ती म्हणाली आणि तिनं जीभ चावली. "म्हणजे लॅबच्या मॅडम. इथेच राहतात ना?"

"इथेच राहतात. आणि ते नाव त्यांना माहीत आहे, घाबरू नकोस. ये आत."

परतबाई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, आमच्या वहिनी. आम्ही दोघी चौदा वर्षं एका घरात आहोत, आणि त्या बावीस वर्षं एका मोठ्या रुग्णालयाच्या लॅबमध्ये. त्यांच्या ओळखपत्रावर "प्रयोगशाळा तज्ज्ञ" असं छापलेलं आहे, पण इतक्या बारीक अक्षरात की आजवर कोणी ते वाचल्याचं ऐकिवात नाही. एका लग्नात शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंनी त्यांना विचारलं होतं, "तुम्ही डॉक्टर का?"

"नाही."

"मग नर्स?"

"नाही हो."

"मग रुग्णालयात करता काय?"

"लोकांचं रक्त बघत बसते," वहिनी म्हणाल्या. त्या बाई उठून दुसऱ्या रांगेत गेल्या.

रक्त काढणं हे त्यांचं काम नव्हे, हे मलाही लग्न होऊन आल्यावर वर्षभरानं कळलं. शेजारीपाजारी तर अजून जिन्यात भेटले की बाही वर सरकवतात. वहिनींनी कोणाला सुई टोचून पंधरा वर्षं होऊन गेली असतील. त्या तळघरात बसतात. रुग्णालयाचा धुलाईखाना एका बाजूला, त्यांची लॅब दुसऱ्या बाजूला. मध्ये एक जाड नळ आहे, तो सकाळभर गरम असतो, म्हणून त्यांच्या खोलीत थंडीत बरं वाटतं आणि उन्हाळ्यात जीव नकोसा होतो. बाहेरच्या उजेडाची खिडकी नाही. एकच खिडकी आहे, सरकत्या काचेची, तिच्यातून वॉर्डातल्या ट्यूबा येतात. लाल टोपणाच्या, जांभळ्या टोपणाच्या, निळ्या. विसरलेला डबा द्यायला मी दोनदा तिथे गेले आहे. दोन्ही वेळा त्या ट्यूब उजेडात धरून तिरक्या करून बघत होत्या, आणि मला हातानंच "थांब" अशी खूण करत होत्या.

"वहिनी, यंत्रच सगळं करतं म्हणे," आमचे हे एकदा त्यांना चिडवायला म्हणाले. "मग पगार कसला घेता?"

"यंत्र आकडा देतं," वहिनी म्हणाल्या. "तो आकडा त्या माणसाचा आहे का, ते बघायचा पगार घेते."

हे बघणंच त्यांना भोवलं. ट्यूबवर नाव नाही, परत. नाव आहे पण चिठ्ठीवर दुसरंच, परत. ट्यूब इतकी हलवली की रक्तातल्या पेशी फुटून पाणी लाल झालंय, परत. त्यांच्याकडे एक रबरी शिक्का आहे, "नमुना अयोग्य, पुन्हा पाठवा". तो मारला की ट्यूब आली त्या वाटेनं वर जाते. वॉर्डातले लोक वैतागतात, दुसऱ्यांदा सुई टोचून घेणारा पेशंट त्यांच्यावर वैतागतो, आणि सगळा वैताग जिना उतरून तळघरात येतो. परतबाई हे नाव तिथलंच. घरी त्यांनी ते हसत सांगितलं होतं. पहिल्यांदा हसत. नंतर कधी सांगितलं नाही.

घरच्यांनाही सूट नाही. मामंजींची उपाशीपोटीची साखर तपासायची होती तेव्हा त्यांचं रक्त तिथेच गेलं. आकडा बघून वहिनींनी घरी फोन केला. "मामंजींना विचार, चहा घेतला होता का."

मामंजी म्हणाले, "चहा म्हणजे काय, घोटभर."

"आणि?"

"आणि दोन बिस्किटं. ती चहाबरोबरच धरायची, वेगळी नाही."

सॅम्पल परत. मामंजी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. अजूनही पाहुण्यांना सांगतात, "जगात सगळ्यांच्या सुना सासऱ्याला उलट बोलतात, माझी सून माझं रक्त उलट पाठवते."

आमचं दोघींचं पहिलं भांडणसुद्धा असंच. मी नवी होते. चहापावडरच्या बरणीत तळाला दोन चमचे उरलेले, मी वरून नवीन पुडा ओतला. सगळेच करतात. वहिनींनी झाकण उघडलं, वास घेतला आणि सगळी बरणी कागदावर उपडी केली. "जुनं आधी संपव, बरणी धू, मग नवीन भर," त्या म्हणाल्या. "नाहीतर बिघडली तर कुठली बिघडली, कसं कळणार?" मी आत जाऊन रडले होते. बी.ए.ला पहिली आलेली मुलगी चहाच्या बरणीवरून रडतेय, याचं आणखी रडू आलं होतं. आता मीही ओतत नाही. पण त्यांच्यासारख्या बरणीवर तारखेच्या चिठ्ठ्या लावत नाही, तेवढा स्वाभिमान राखला आहे.

तर त्या सकाळी वहिनी घरात होत्या हीच मुळात वेगळी गोष्ट. एरवी सातला त्या खिडकीपाशी असतात. पण त्यांच्या लॅबच्या मोठ्या डॉक्टरांनी निरोप दिला होता की दहाला या, आणि लेखी खुलासा घेऊनच या. जेवणाच्या टेबलावर आदल्या संध्याकाळपासून कोरा कागद पडला होता. त्यावर माझ्या अक्षरात "विषय:" एवढंच लिहिलेलं. "तुझी भाषा चांगली आहे, तू लिही, मी सांगते," असं वहिनींनी म्हटलं होतं आणि मग त्यांना काही सांगताच येईना.

झालं होतं असं. मंगळवारी तिसऱ्या मजल्यावरच्या पुरुषांच्या वॉर्डातून एका आजोबांचं रक्त आलं. दहा वाजता त्यांचं ऑपरेशन होतं, त्याआधी रिपोर्ट हवा होता. वहिनींनी यंत्राला लावलं तर पोटॅशियम अकरा. निरोगी माणसाचं चार-पाचच्या आसपास असतं. अकरा असेल तर त्या माणसाचं हृदय केव्हाच थांबलेलं असायचं, आणि हे आजोबा वर पलंगावर बसून ऑपरेशन कधी म्हणून विचारत होते. वहिनींना शंका आली. कोणी मागितलं नसताना त्यांनी त्याच रक्ताचं कॅल्शियम बघितलं. नऊ हवं तिथे दोनसुद्धा नाही. मग त्यांनी ट्यूब उजेडात धरली. लाल ट्यूबमधलं रक्त गोठून घट्ट व्हायला हवं, ते नुसतं हिंदकळत होतं.

याचा अर्थ त्यांना लगेच कळला. जांभळ्या ट्यूबमध्ये रक्त गोठू नये म्हणून आधीच औषध घातलेलं असतं. ते औषध पोटॅशियमचाच एक क्षार असतो आणि रक्तातलं कॅल्शियम पकडून ठेवतो. जांभळीतलं रक्त लालमध्ये ओतलं तर आकडे असेच येणार. कोणीतरी ओतलं होतं.

त्यांनी रिपोर्ट अडवला आणि वर फोन केला. फोन कोणी घेईना. दुसऱ्यांदा घेतला आणि ठेवला. तिसऱ्यांदा उत्तर मिळालं, "आमच्या वॉर्डात असं होत नाही. तुमचं यंत्र बघा." म्हणून त्यांनी यंत्र बघितलं. ज्याचे आकडे आधीच ठाऊक असतात असं तपासणीचं द्रावण दोनदा लावलं. दोन्हीदा बरोबर. पुन्हा फोन. नवं सॅम्पल खाली आलं तेव्हा अकरा वाजत होते. त्याचे आकडे स्वच्छ होते, पण तोवर सर्जननं दुसरा पेशंट घेतला होता. आदल्या संध्याकाळपासून उपाशी असलेल्या आजोबांचं ऑपरेशन दोन दिवस पुढे गेलं. त्यांच्या मुलीनं वॉर्डात आरडाओरडा केला. सर्जननं तक्रार लिहिली, "लॅबच्या दिरंगाईमुळे".

"दिरंगाई!" वहिनी चार दिवस हा एकच शब्द म्हणत होत्या. भांडी लावताना, केस विंचरताना. "दिरंगाई म्हणे. मी तो अकराचा आकडा वर पाठवला असता तर वेळेत गेला असता. वेळेत गेला असता आणि त्या म्हाताऱ्याला नको ते औषध दिलं असतं."

मोठे डॉक्टर वाईट नाहीत. त्यांनी केबिनमध्ये बोलावून समजावलं होतं. "यंत्रात बिघाड होता, एवढं एक वाक्य लिहा. फाइल बंद. यंत्राला कुठे बढती हवी आहे?"

वहिनींना हवी होती. त्यांच्या विभागाच्या इनचार्ज या महिन्याच्या शेवटी निवृत्त होत होत्या. पुढचं नाव वहिनींचं. तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या विभागातली अशीच जागा त्यांच्या हातून गेली होती, आणि ज्या बाईंना मिळाली त्या कधी काही परत पाठवत नाहीत, म्हणून सगळ्यांच्या लाडक्या आहेत. आता नावावर मेमो आला तर ही जागाही गेली. आणि इनचार्ज झाल्याशिवाय वॉर्डाच्या बैठकीला बसता येत नाही, तिथे बसल्याशिवाय कोणी ऐकत नाही, हा त्यांचा बावीस वर्षांचा सल.

"मग लिहून टाक ना बिघाड," थोरले दीर म्हणाले होते. "एका वाक्यानं तुझं काय जातं?"

"यंत्र नीट असताना?"

"यंत्र कोर्टात जाणार आहे का?"

"इंजिनिअर येईल, दिवसभर उघडून बसेल, काही बिघडलेलं नाही म्हणून सही करून जाईल. ओतणारा ओतत राहील." त्यांचा आवाज चढला. "अकरा आलं म्हणून मला कळलं. उद्या थोडंसंच ओतलं आणि साडेसहा आलं तर? साडेसहा खरं वाटतं. खिडकीशी मी नसले, दुसरं कोणी असलं, तर सरळ वर जाईल."

दीरांनी पेपर उचलला. ते नेहमी इथपर्यंतच येतात.

तर ती मुलगी आत आली आणि खुर्चीच्या कडेवर टेकली. आतल्या खोलीतून वहिनी अर्धवट इस्त्री केलेला पांढरा कोट हातात घेऊन आल्या. त्यांनी तिच्याकडे ट्यूबकडे बघतात तसं बघितलं.

"कुठला वॉर्ड?"

"तिसरा मजला. पुरुषांचा."

"मंगळवारी सकाळी तू होतीस?"

"हो, मॅडम."

मामंजी चष्मा पुसत दारात आले. गणवेश बघितला आणि दोन पावलं मागे सरकले. "रक्त न्यायला आली असेल तर मी चहा घेतलाय. आधीच सांगून ठेवतो."

"तुमच्यासाठी नाही आली, मामंजी," मी म्हटलं. "तुमचं शब्दकोडं तिकडे आहे."

"कालचं पान नाहीये त्यात!" असं म्हणून ते गेले, पण फार लांब नाही.

मी चहा ठेवला. मुलीनं हातातला रुमाल दोनदा घडी केला, दोनदा उलगडला.

"मॅडम, ते मी ओतलं होतं. जांभळ्यातलं लालमध्ये."

"कोणीतरी ओतलं, ते मला मंगळवारी सव्वाआठलाच कळलं होतं."

"तुम्ही आज माझं नाव देणार का? माझे तीन महिने राहिलेत कायम व्हायला. आमच्या मेट्रन म्हणाल्या, ज्यानं केलं त्याला ठेवणार नाही."

"तुझं नाव मला माहीत तरी होतं का? आता तू आलीस म्हणून कळलं." वहिनींनी कोट खुर्चीवर टाकला. "मी फोन केला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर एवढं झालंच नसतं. दहा मिनिटांत दुसरं सॅम्पल आलं असतं. पण नाही. फोनवर मला म्हणे, तुमचं यंत्र बघा!"

मुलीनं रुमाल मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "ते मीच म्हणाले होते."

चहा उतू गेला. मी धावत जाऊन गॅस बंद केला.

"तू?" वहिनी म्हणाल्या. "तू स्वतः ओतलंस, आणि मला यंत्र बघायला लावलंस? दोनदा बघितलं मी ते! तासभर तिथे उभी राहून! वर सर्जन ओरडतोय, खाली फोन वाजतोय, आणि मी आपली यंत्राला विचारतेय, बाबा, तुझं काही चुकलं का! चार दिवस मला जेवण गेलेलं नाही. या माझ्या जावेला विचार. माझ्या नोकरीवर दिरंगाई असा शिक्का बसतोय, आणि तू..."

वहिनींना मी रागावलेलं पुष्कळदा बघितलं आहे. पण त्यांचा राग नेहमी एखाद्या वस्तूवर असतो, बरणीवर, चिठ्ठीवर, फोनवर. समोरच्या माणसावर असा उसळलेला मी पहिल्यांदाच बघितला. मुलगी रडायला लागली नाही, याचं मला कौतुक वाटलं. तिचा चेहरा लालबुंद झाला एवढंच.

"मला खरंच वाटलं यंत्रच बिघडलं असेल," ती म्हणाली. "ओतल्यानं असं होतं हे मला माहीतच नव्हतं. रक्त तर एकाच माणसाचं. इकडचं तिकडे केलं, त्यात काय बिघडतं, असं वाटलं. फोन ठेवल्यावर मी मोबाइलवर शोधलं, तेव्हा कळलं. मग सांगायची भीती वाटली."

"पण ओतलंसच कशाला? लालमध्ये आलं नव्हतं का?"

"आलं होतं, थोडं. त्या आजोबांची शीरच सापडत नव्हती. तीन ठिकाणी टोचलं. जांभळी भरली आणि लाल भरता भरता रक्त थांबलं. चौथ्यांदा सुई घेतली तर त्यांनी हात मागे नाही घेतला, नुसतं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, घे बाळ, तुला लागतंय तर घे. मला नाही टोचवलं."

"लालमध्ये किती होतं?"

मुलीनं अंगठा आणि तर्जनी जवळ आणून दाखवलं. "एवढं. तळाला. बोटाच्या एका पेरापेक्षाही कमी."

वहिनी खुर्चीत बसल्या. "एवढं?"

"हो."

"अगं, एवढं मला पुरलं असतं."

मुलीला कळलं नाही.

"पोटॅशियम बघायला यंत्राला दोन थेंब लागतात," वहिनी म्हणाल्या. "छोट्या कपात काढून लावते मी. लहान बाळांचं एवढंच तर येतं. तू तशीच पाठवली असतीस तर नऊच्या आत रिपोर्ट वर गेला असता. ओतायची गरजच नव्हती."

"पण तुम्ही कमी भरलेली ट्यूब परत पाठवता!" मुलगी एकदम म्हणाली. इतका वेळ दाबून धरलेलं सगळं त्या वाक्यात बाहेर आलं. "सगळ्या वॉर्डांना माहीत आहे. मी आले त्या पहिल्या आठवड्यात माझ्या तीन ट्यूबा परत आल्या. सिनिअर म्हणाल्या, खाली परतबाई बसलेली असते, काठोकाठ भरल्याशिवाय पाठवू नकोस. कमी पडलं तर कशीही भर, पण भर."

"निळ्या असतील त्या."

"काय?"

"परत आलेल्या तुझ्या तीन ट्यूबा. निळ्या टोपणाच्या होत्या का?"

मुलीनं आठवलं. "हो. निळ्याच."

"निळीत औषध मोजून घातलेलं असतं. रक्त खुणेपर्यंतच हवं, नाहीतर रक्त गोठायला लागणारा वेळ चुकीचा येतो. म्हणून निळी अर्धी आली की परत. लाल अर्धी आली तर मी कधी परत पाठवत नाही. बावीस वर्षांत कधी नाही."

"पण ते तुम्ही कुठे सांगता? शिक्का असतो नुसता. नमुना अयोग्य. का अयोग्य, ते नसतं लिहिलेलं. आम्हाला वाटतं, तुम्हाला शिक्का मारायलाच आवडतो."

मी चहाचे कप घेऊन उभीच राहिले. दारामागे मामंजींचा पेपर वाजायचा थांबला होता.

वहिनींनी टेबलावरचा कागद स्वतःकडे ओढला. मला वाटलं, त्या पुन्हा भडकणार. पण त्यांचा आवाज खाली आला, आणि तो मला आधीच्या आरड्याओरड्यापेक्षा जास्त लागला.

"किती वेळा मारला असेल मी तो शिक्का. दिवसाला पाच-सहा तरी. आणि दर वेळी मनात म्हणायचे, या लोकांना एवढंसुद्धा कळत नाही. कळणार कुठून? तळघरातून वर जाऊन मी कधी सांगितलं नाही. म्हटलं, इनचार्ज झाले की बैठकीत सांगेन. बैठकीत सांगेन, बैठकीत सांगेन करत बसले." त्यांनी कप ओढला. "माझ्या धाकानं ओतलंस तू. म्हणजे धाक माझा, ट्यूब माझी, आणि रिपोर्ट अडवला तोही मीच."

"असं नका म्हणू, मॅडम."

"का नको? तुझं चुकलं ते चुकलंच. फोनवर खोटं बोललीस ते तर फारच चुकलं. ते तुझं तू बघ. मेट्रनना सांगायचं की नाही, तू ठरव. तुझ्या वतीनं मी बोलणार नाही आणि तुझ्यासाठी खोटंही बोलणार नाही."

"आणि त्यांनी नाव विचारलं तर?"

"विचारतीलच. सांगेन, ट्यूबवर पेशंटचं नाव असतं. ओतणाऱ्याचं नसतं. चहा पी, गार होतोय."

मुलीनं चहा एका घोटात संपवला. दारापाशी जाऊन तिनं उलटा केलेला बिल्ला सुलटा केला. मग जिना उतरून गेली. मेट्रनकडे गेली की घरी, मला माहीत नाही.

नऊ वाजत आले होते. वहिनींनी कागद माझ्यापुढे सरकवला. "लिही."

"यंत्राचं?"

"यंत्राचं एकच वाक्य लिही, की ते नीट होतं."

"वहिनी, जागेचं काय?"

"जागा द्यायची तर याच्यावर देतील. नाही द्यायची तर दुसरं कारण शोधतील. मला वैताग आलाय गं या सगळ्याचा. बढतीचा वैताग आलाय, शिक्क्याचा वैताग आलाय. स्वतःचाही आलाय. लिही तू."

मी "उपरोक्त विषयास अनुसरून सविनय निवेदन करण्यात येते की" असं लिहायला घेतलं. त्यांनी ते खोडायला लावलं. मी "अनवधानाने" हा शब्द घातला, त्यांनी विचारलं, "म्हणजे कोणी केलं?" मी तोही काढला. "क्षमस्व" लिहिलं, तर म्हणाल्या, "ते आजोबांना म्हणायचं. या कागदावर नको. मी जाऊन म्हणेन." माझी बी.ए.ची सगळी भाषा त्यांनी चाळणीतून घातली आणि खाली जे उरलं ते अर्धं पानसुद्धा भरलं नाही.

"फारच छोटं झालं," मी म्हटलं.

"पुरेल," त्या म्हणाल्या आणि सही केली. कोटाची एक बाही इस्त्रीची राहिली होती, तशीच अंगात घातली. मामंजी त्यांना सोडायला दारापर्यंत आले. चष्मा वर करून म्हणाले, "सूनबाई, त्या डॉक्टरांनी कागद परत पाठवला तर मला सांग. परत आलेल्याचं काय करायचं, याचा मला अनुभव आहे."

वहिनी चार दिवसांत पहिल्यांदा हसल्या, तेही जिन्यात पोचल्यावर.

त्यांनी नेलेल्या कागदाची नक्कल माझ्याकडे आहे, ती अशी:

"मंगळवारी सकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या पेशंटचा रिपोर्ट मी अडवला. यंत्र नीट होतं, दोनदा तपासलं. लाल ट्यूबमध्ये जांभळ्या ट्यूबचं रक्त मिसळलेलं होतं, त्यामुळे आलेले आकडे त्या पेशंटचे नव्हते. पुन्हा असं झालं तर मी पुन्हा अडवेन.

रक्त मिसळलं जाण्याचं एक कारण आमच्याकडे आहे. कमी भरलेली निळी ट्यूब आम्ही परत पाठवतो, पण का पाठवतो ते मी कधी लिहिलं नाही. त्यामुळे सगळ्याच ट्यूबा भरून पाठवायच्या, असा वॉर्डांचा समज झाला. आजपासून प्रत्येक शिक्क्याखाली मी कारण लिहीन.

माझी एकच विनंती आहे, ती सगळ्या वॉर्डांना कळवावी. लाल ट्यूबमध्ये रक्त कमी आलं, तर कमीच पाठवा. ओतू नका."